सातूचं विरजण

आजचा माझा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. घरच्या घरी बिअर कशी तयार होते, हे मी सांगणार आहे. म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली म्हणजे, ही हकिकत महाराष्ट्रातली नाही, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली आहे. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे ऐकून कृपा करून कोणी बादली शोधायला उठू नये. दुसरी गोष्ट, मी स्वतः दारू पीत नाही. का पीत नाही, ते ओघात येईलच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात 31 वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, हा माझा आवडता धडा. फळ्यावर मी यीस्टची पेशी काढायचो, समीकरण लिहायचो, मुलं वहीत उतरवून घ्यायची. पण प्रत्यक्षात आयुष्यात मी इडलीचं पीठसुद्धा कधी आंबवलेलं नव्हतं. ते खातं घरी सौभाग्यवतींकडे होतं.

2018 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे गेलो. तो पोर्टलंड शहराजवळ हिल्सबरोला असतो, संगणकाच्या क्षेत्रात आहे. जूनमधल्या एका शनिवारी त्यानं गाडीतून सामान उतरवलं : एक मोठं पातेलं, झाकणाची प्लॅस्टिकची बादली, काचेची एक नळी, आणि काही पुडे. म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर फर्मेंटेशन शिकवलंत. आता एकदा करून दाखवा. आपण बिअर करू या."

मी काही बोलायच्या आत आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, घरात दारू गाळायची? तुमच्या आईंनी काय म्हटलं असतं?"

तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला लागला, तो का ते पुढे सांगतो. पण पहिल्या भागात एक शास्त्रीय चूक होती आणि ती दुरुस्त केल्याशिवाय माझ्यातल्या मास्तराला राहवेना. बिअर गाळत नाहीत. हातभट्टीवर गूळ आणि नवसागर घालून आधी मिश्रण आंबवतात, मग ते तापवून त्याची वाफ थंड करून गोळा करतात. ही वाफ धरण्याची क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन, आपल्या भाषेत गाळणं. त्यानं अल्कोहोल कित्येक पटींनी तीव्र होतं. बिअर नुसती आंबवलेली असते. तिच्यात साधारण चार-पाच टक्के अल्कोहोल असतं, बाकी बहुतेक पाणीच.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं दगावली. अशा बातम्या वाचल्या की वाटतं, घरी आंबवलेल्या कशातही विष तयार होत असेल. तसं नाही. अशा दुर्घटनांमागे बहुतेक वेळा मिथेनॉल असतं, म्हणजे कारखान्यात वापरायचं अल्कोहोल, पैशाच्या लोभानं मिसळलेलं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि जीवही घेतं. धान्य आंबवून मिथेनॉल जेमतेम नावाला तयार होतं. म्हणून अमेरिकेतसुद्धा घरी बिअर करायला मोकळीक आहे, पण घरी दारू गाळायला केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे.

ही मोकळीकही फार जुनी नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 सबंध देशात दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायची परवानगी मिळाली, बिअरची मात्र राहूनच गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये कायद्यावर सही केली, तेव्हा ती उणीव भरून निघाली. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास करता येते. विकायची मात्र नाही.

एवढं ऐकल्यावर ही म्हणाली, "करा काय करायचं ते. माझी पातेली घ्यायची नाहीत." आम्ही ती परवानगी समजलो.

बिअरला चार गोष्टी लागतात : पाणी, मोड आलेले सातू, हॉप्स नावाची फुलं आणि यीस्ट. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली एक हुकूम निघाला होता, की बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही. कारण ते एक सजीव आहे, हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

सातूचं काम आपल्या घरातल्या एका पदार्थावरून चटकन समजेल. तान्ह्या मुलाला आपण नाचणीचं सत्त्व देतो. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची आणि दळायची. मोड आले की ती गोडसर लागते आणि पचायला हलकी होते. असं का? तर बी रुजताना रोपाला साखर हवी असते. दाण्यात असतो तो स्टार्च. म्हणून दाणा स्वतःच काही विकरं तयार करतो. ही विकरं कात्रीसारखी स्टार्चच्या लांब साखळ्या कापून साखर मोकळी करतात. सातूचंही नेमकं असंच. मोड आणून सुकवलेल्या सातूला माल्ट म्हणतात. ते भरडून साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की ती विकरं झपाट्यानं काम करतात आणि पाणी गोड होतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याला ही पायरी टाळता येते. कारखान्यात हे गोड पाणी आटवून त्याचा पाक करतात आणि डब्यात भरून विकतात. चिरंजीवांनी तसाच सुमारे तीन किलोचा पाक आणला होता. डबा उघडल्यावर मी बघतच राहिलो. तोच रंग, तीच तार, थेट आपली काकवी! थोडे भाजके सातू कापडी पुरचुंडीत बांधून आम्ही अर्धा तास गरम पाण्यात ठेवले, चहाच्या पुडीसारखे. त्यानं रंग आणि खमंगपणा येतो. मग पातेलं आचेवरून खाली घेऊन पाक ओतला, कारण आचेवर असताना ओतला तर तो तळाला लागून करपतो.

पुन्हा आच लावली आणि उकळी फुटायच्या वेळी आम्ही दोघं हॉप्सच्या पुडीवरची माहिती वाचत बसलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, उतू जातंय!" हिनं धावत येऊन शेगडी बंद केली. सातूचं पाणी पहिल्या उकळीला दुधासारखंच फसफसून वर येतं. मला ते पुस्तकातून ठाऊक असायला हवं होतं, तिला ते पातेल्याच्या आवाजावरून कळलं.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. ही वेल भांगेच्याच कुळातली आहे, पण भांगेची नशा हिच्यात नाही. पॅसिफिकच्या बाजूच्या या राज्यांमध्ये तिची मोठी शेती आहे. फुलं वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या कांड्या करतात, गुरांच्या पेंडेसारख्या दिसतात. त्यातल्या आम्लांना तासभर उकळलं की त्यांची रचना बदलते आणि कडवटपणा पाण्यात उतरतो. सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून काही हॉप्स सुरुवातीला घालतात, ते कडूपणासाठी, आणि काही अगदी शेवटी, ते वासासाठी. आपण मोहरी फोडणीला घालतो आणि कोथिंबीर उतरवल्यावर पेरतो, तसंच हे. शिवाय हॉप्स काही जिवाणूंना रोखतात. मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांसाठी बिअर लंडनहून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजातून यायची, तेव्हा ती टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत. अमेरिकेच्या दुकानांत आज 'इंडिया पेल एल' नावाच्या बाटल्यांची रांग दिसते, त्या नावातला इंडिया तो हा.

उकळी तासभर चालू ठेवायची असते. त्या तासाभरात मी मुलाला एक गोष्ट सांगितली. ती त्याला मी तोवर कधी सांगितली नव्हती.

माझे थोरले काका मी शाळेत असताना वारले. घरात सगळ्यांना सांगितलं गेलं, कावीळ झाली होती. मुलालाही मी तेच सांगत आलो होतो. खरं म्हणजे काकांचं यकृत दारूनं गेलं होतं. मालवणीसारखी विषारी दारू नव्हे, रोजची, साधी. शेवटी शेवटी माझ्या आईनं त्यांचा लपवलेला कॅन शोधून उकिरड्यावर ओतला होता आणि त्या रात्री काकांनी घरात कुणाला झोपू दिलं नव्हतं. मी तेव्हा आठवीत होतो. पुढे मी वर्गात अल्कोहोलचं सूत्र हजार वेळा लिहिलं, पण काकांचं नाव त्याच्याशी कधी जोडलं नाही.

मुलगा पळीनं ढवळत होता. तो थांबला आणि म्हणाला, "बाबा, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. असल्या गोष्टी रक्तातही असतात ना?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. दारूच्या व्यसनाकडे ओढा असण्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे विज्ञान सांगतं, आणि ते मी जाणत होतो. "हे ओतून टाकू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तू काय ते ठरव. मी फक्त माहिती देतोय, उशिरा का होईना." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "करू या. पण हिशोब ठेवू या." त्यानं एक वही आणली आणि तारीख घातली.

उकळलेलं पाणी आता लवकर थंड करायचं. सावकाश निवू दिलं, तर कोमट असतानाच हवेतले जंतू त्यावर ताव मारतात. आम्ही सिंकमध्ये बर्फ भरून त्यात पातेलं बुडवलं. तापमान 20 अंशांपर्यंत उतरल्यावर ते बादलीत ओतलं आणि पाणी घालून 19 लिटर केलं. मग बादली चांगली हलवली, कारण यीस्टला सुरुवातीला वाढायला प्राणवायू लागतो. वर 11 ग्रॅम कोरडं यीस्ट भुरभुरलं. हे म्हणजे विरजणच. दुधात दही घातलं की आपलं काम संपतं आणि जिवाणूंचं सुरू होतं, तसंच इथे.

झाकणाला पाणी भरलेली एक छोटी नळी बसवतात. तिच्यातून आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळी 'गुडूप, गुडूप' बोलू लागली. मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे मी 31 वर्षं लिहीत होतो. तो 88 ग्रॅमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. लुई पाश्चरनं 1876 मध्ये बिअरवर सबंध ग्रंथ लिहिला आणि तिच्या बिघाडामागे परके जंतू असतात हे दाखवलं. 1883 मध्ये कोपनहेगनला एमिल हान्सेननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. ही सगळी नावं त्या दिवशी मला शेजारी बसल्यासारखी वाटली.

दहाव्या दिवशी बादली उघडली. मी आणि मुलगा वाकून बघू लागलो. वर पांढुरकी, सुरकुतलेली साय धरली होती. आम्ही दोघं तिच्याबद्दल चर्चा करत होतो, तेवढ्यात ही आली, तिनं दुरूनच नाक वर केलं आणि म्हणाली, "बिघडलंय. ताक चार दिवस राहिलं की असाच वास येतो."

तिचंच खरं होतं. मापकानंही तेच सांगितलं. मापक म्हणजे हायड्रोमीटर. दूध तपासायचा लॅक्टोमीटर बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तत्त्व तेच. द्रवात साखर जास्त असेल तर तो उंच तरंगतो, साखर संपत गेली की खाली जातो. आमच्या पाण्याची घनता सुरुवातीला 1.048 होती. आमच्या यीस्टनं ती साधारण 1.012 पर्यंत यायला हवी होती. ती 1.004 झाली होती. म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या साखराही दुसरं कुणीतरी खात होतं.

हे दुसरं कुणी आत आलं कुठून? विचार करता करता माझीच मान खाली गेली. आदल्या दिवशी ती नवी बादली मी धुतली होती, आणि सवयीप्रमाणे तारेच्या घासणीनं खसखसून घासली होती. स्टीलच्या भांड्याला ते चालतं. प्लॅस्टिकवर मात्र बारीक ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत जिवाणू दडून बसतात आणि निर्जंतुक करायचं पाणी तिथवर नीट पोहोचत नाही. बहुधा तिथेच घात झाला. जन्मभर निर्जंतुकीकरण शिकवणाऱ्या माणसानं 19 लिटर मालाची नासाडी केली होती!

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन निराळी कामं आहेत. आधी मऊ फडक्यानं मळ काढायचा, मग निर्जंतुक करायचं. मळ राहिला तर औषध वाया जातं. उकळी थांबल्यानंतर जे जे त्या पाण्याला लागणार, म्हणजे बादली, झाकण, नळी, पळी आणि आपले हातसुद्धा, ते सगळं निर्जंतुक हवं. हे लोणच्याच्या बरणीलाही लागू आहे.

मुलानं बादली उचलून मोरीत ओतली. फेस खाली जाताना मला उकिरड्यावर ओतलेला तो कॅन आठवला. पण त्या रात्री आमच्याकडे सगळे शांत झोपले. वहीत त्यानं लिहिलं : 'पहिला घाणा. 19 लिटर. सगळा वाया. कारण : घासणी.' बाबा असं लिहिलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

जुलैअखेर दुसरा घाणा घातला. नवी बादली आणली आणि ती मऊ फडक्यानंच पुसली. आता उन्हाळा ऐन भरात होता. यीस्ट 25 अंशांच्या वर गेलं की घाईघाईनं काम करतं आणि वास उग्र होतो. वातानुकूलन यंत्र फक्त वरच्या मजल्यावर होतं. यावरही उपाय हिनंच सांगितला. बादली उथळ टबात ठेवायची, टबात पाणी घालायचं आणि बादलीभोवती ओलं फडकं गुंडाळायचं. माठाला गुंडाळतो तसं. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते. बादली 20 अंशांवर राहिली.

या खेपेला आम्ही घाई केली नाही. नळी बोलायची थांबली म्हणजे काम संपलं, असं समजायचं नसतं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घनता मोजायची आणि ती तीच आली तरच बाटल्या भरायच्या. आत साखर शिल्लक असताना झाकण लावलं, तर वायू कोंडून बाटली फुटू शकते, आणि काच लांबवर उडते. आमची घनता दोन्ही वेळा 1.012 आली. सुरुवातीच्या आकड्यातून हा वजा करून 131 नं गुणलं, की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं. ते पावणेपाच टक्क्यांच्या जवळ भरलं.

बाटल्या भरताना मोजून सुमारे 120 ग्रॅम साखर पाण्यात उकळून सगळ्या 19 लिटरमध्ये मिसळली. उरलेलं यीस्ट ही साखर बाटलीत खातं आणि त्या वायूनंच बिअरला फेस येतो. बाटल्या तपकिरी रंगाच्या घेतल्या, कारण उजेडानं हॉप्समधली द्रव्यं बिघडून घाण वास येतो. 48 बाटल्या भरल्या. मग दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवल्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली बाटली उघडली. 'फस्स' आवाज झाला आणि पांढरा फेस वर आला. मी पेला उजेडात धरून बघितला, वास घेतला आणि खाली ठेवला. मुलाला याचं वाईट वाटलं नाही. आता त्याला कारण माहीत होतं. त्यानं आणि सूनबाईंनी ती एक बाटली दोघांत वाटून घेतली. हिनं चमचाभर चाखली आणि म्हणाली, "कारल्याचा काढा. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?"

घरी केलेली म्हणून बिअर निर्दोष होत नाही. माझ्या काकांना ज्या रेणूनं नेलं, तोच रेणू तिच्यातही आहे, फक्त पातळ केलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्टच म्हटलं, की आरोग्याच्या दृष्टीनं दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही. मुलाला हे ठाऊक आहे. तो अजून वर्षातून दोनदा एक घाणा घालतो. त्याला त्या कामात मजा वाटते, आणि बहुतेक बाटल्या मित्रांकडे जातात. वही चालू आहे. किती झाल्या, कुणाला दिल्या, स्वतः किती घेतल्या, असे तीन रकाने. मी न विचारता तो फोनवर तिसरा रकाना वाचून दाखवतो. कोणत्या महिन्यात आकडा वाढला तर तेही सांगतो, आणि पुढचा महिना कोरा सोडतो.

आमच्या घरात ही गोष्ट दोन पिढ्या कावीळ या नावाखाली झाकून ठेवली होती. ती तीन रकान्यांत उघडी मांडलेली मला जास्त बरी वाटते. मुलगा दर वेळी शेवटी विचारतो, "आईला फोन द्या ना, वास सांगायचाय."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)